दिवाडीचे बांध

कोकण रेल्वेची गाडी थिवी सोडून करमळीकडे निघाली की वाटेत पुलाचा खडखडाट सुरू होतो, थोडा वेळ थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. मधल्या त्या शांततेत खिडकीतून जी हिरवी जमीन दिसते ते दिवाडी बेट. चहूबाजूंनी मांडवीचं पाणी, मधे सपाट भातशेती आणि एका टेकडीवर पांढरंशुभ्र चर्च. १९९८ साली कोकण रेल्वेचा मार्ग पूर्ण सुरू झाला तेव्हापासून गाड्या या बेटावरून धावतात, पण बेटावर स्टेशन नाही. आमच्या पिंपरी-चिंचवडची माणसं गोव्याला जाताना या बेटावरून जातात आणि त्यांच्या गावीही नसतं.

मला या बेटाचं नाव कळलं ते पिंपरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये. तिथे माझ्या शेजारच्या टेबलावर दिवाडीचा एक गोवेकर डायमेकर होता. मायक्रॉनमध्ये बोलणारा, बोलण्यापेक्षा हसणारा माणूस. जेवणाच्या सुट्टीत आम्ही कंपनीच्या भिंतीला पाठ लावून बसायचो. भिंतीवर काचा, काचांवर काटेरी तार. तो म्हणायचा, "आमच्या गावालाही कुंपण आहे. पण ते मातीचं आहे आणि चोरांसाठी नाही." निवृत्त झाल्यावर तो गावी परतला आणि दर गणपतीच्या सुमारास फोन करून बोलवत राहिला. शेवटी एका ऑगस्टच्या अखेरीस मी आणि बायको गाडी घेऊन निघालो.

रेल्वेने गेलो असतो तर बेट पुन्हा खिडकीतूनच दिसलं असतं. म्हणून रस्ता धरला. देहूरोड-कात्रज बायपास, सातारा, कोल्हापूर, बेळगाव आणि तिथून चोर्ला घाट. घाटात ढग बॉनेटवर येऊन बसत होते. साखळी, डिचोली ओलांडून नार्व्याला आलो. इथून फेरीबोटीने पलीकडे गेलं की दिवाडी. बहुतेक लोक जुन्या गोव्याच्या बाजूने बेटावर जातात, पण मराठी माणसाने नार्व्यावरून जावं असं माझं मत आहे, कारण बेटाची अर्धी गोष्ट या काठावर आहे.

ती गोष्ट सप्तकोटेश्वराची. गोव्याच्या कदंब राजांचं हे कुलदैवत. आपल्या बिरुदांत आणि नाण्यांवर ते सप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाचा उल्लेख करत. त्याचं मूळ देऊळ दिवाडी बेटावर, तिथल्या नार्वे गावात होतं. चौदाव्या शतकात बहामनी स्वाऱ्यांत ते मोडलं. विजयनगरच्या माधव मंत्र्याने गोवा जिंकल्यावर ते पुन्हा उभं राहिलं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडलं आणि लिंग नदीच्या अलीकडे आलं. देवाबरोबर गावाचं नावही आलं असावं, कारण नदीच्या दोन्ही काठांना आज नार्वे आहे. डिचोलीच्या बाजूच्या या नार्व्यात शिवाजी महाराजांनी देवळाचं काम सुरू करवलं. दारावरच्या शिलालेखात शके १५९० मधला कार्तिक महिना आहे, म्हणजे नोव्हेंबर १६६८. गोवा सरकारने केलेला जीर्णोद्धार २०२३ मध्ये पूर्ण झाला, त्यामुळे आम्ही गेलो तेव्हा भिंतींचा रंग कोवळा होता. गाभाऱ्यात धारालिंग आहे, वर घुमट, समोर दीपमाळ. पुजाऱ्यांनी तीर्थ दिलं आणि विचारलं, "फेरी धरायची आहे ना? मग निघा, नाहीतर अर्धा तास बसाल."

फेरीबोट म्हणजे दोन टोकांना फळ्या असलेला लोखंडी तराफा. चार-पाच गाड्या, दुचाकी, एक माशांची टोपली आणि शाळेतून परतणारी मुलं. पाणी ओलांडायला लागला तेवढा वेळ चाकणच्या चौकात एका सिग्नलला जातो. आम्ही गेलो तेव्हा बेटावर यायला रस्त्याचा पूल नव्हता. फेरी बंद झाली की गाव रात्रीपुरतं आपलं आपण उरतं.

पलीकडच्या धक्क्यावर मित्र उभा होता. अंगात तोच निळा शर्ट, पायात मात्र रबरी चपला. "आधी घरी नाही जायचं," तो म्हणाला. "भरती चढायच्या आत बांध बघून घे."

आता हा बांध काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. दिवाडीची शेती जिथे आहे ती जमीन पूर्वी खाडीचीच. भरतीला खारं पाणी यायचं, ओहोटीला चिखल उरायचा. शेकडो वर्षांपूर्वी माणसांनी काठाकाठाने माती, गवत-पेंढा आणि जांभा दगड यांचे बांध घातले आणि आतली जमीन खाऱ्या पाण्यापासून सोडवून घेतली. या जमिनीला गोव्यात खाजन म्हणतात. पावसाळ्याच्या सुरुवातीचा पाऊस जमिनीतलं मीठ धुऊन काढतो, मग भात लावतात. त्यातही कोरगुट नावाचं एक भात आहे, ते थोडं मीठ सोसतं. शेताची पातळी भरतीच्या पाण्याहून खाली असते. बांधावर उभं राहिलं की एका बाजूला पायांजवळ नदी आणि दुसऱ्या बाजूला पायांच्या खूप खाली भात. मला तर पोटात गोळा आला. धरणाच्या भिंतीवर उभं राहिल्यावर येतो तसा, फक्त इथे भिंत मातीची आणि रुंदी बैलगाडीपुरती.

बांधात जागोजागी दरवाजे आहेत. त्यांना मानस म्हणतात. मित्राने एका मानशीपाशी नेलं आणि टूलरूममध्ये नव्या पोराला मशीन दाखवावं तसं दाखवायला सुरुवात केली. दगडी चौकट, तीत लाकडी झडपा, वरच्या बाजूला बिजागरी. बाहेर भरती चढली की पाण्याच्या दाबानेच झडपा चौकटीला घट्ट बसतात. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी झडपांना बाहेर ढकलून निघून जातं. "ना मोटर, ना सेन्सर, ना ऑपरेटर," तो म्हणाला. "नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहे रे हा. आपण कंपनीत तीन इंची लावायचो, हा गावाएवढा आहे." ओहोटीच्या वेळी तोंडाशी जाळं लावतात, बाहेर जाणाऱ्या पाण्याबरोबर मासे आणि सुंगटं, म्हणजे कोळंबी, त्यात येतात. या मासेमारीच्या हक्काचा लिलाव होतो आणि आलेल्या पैशांतून बांधाची डागडुजी करायची, अशी जुनी रीत. म्हणजे दरवाजा स्वतःचा पगार स्वतः मिळवतो.

डागडुजी हाच या सगळ्याचा जीव. खेकडे बांधात बिळं करतात. बिळातून एक धार आत येते, दोन भरत्यांत धारेचं भगदाड होतं आणि एका रात्रीत खारं पाणी शेतभर पसरतं. मग दोन-तीन पावसाळे तरी त्या जमिनीत काही नीट येत नाही. म्हणून बांध रोज बघावा लागतो. पूर्वी हे काम गांवकारी बघायची. पोर्तुगीजांनी तिला कम्युनिदाद म्हटलं आणि कागदावर आणलं, पण संस्था त्यांच्या आधीची. जमीन गावाची, शेतं लिलावाने कसायला द्यायची, उत्पन्नातून बांध, रस्ते, देवळं आणि नंतर चर्च यांचा खर्च काढायचा आणि उरलं ते गांवकारांत वाटायचं.

ऐकायला हे छान वाटतं, म्हणून मी मित्राला खोदून विचारलं. त्यानेही काही लपवलं नाही. वाटा मिळायचा तो ठरावीक घराण्यांतल्या पुरुषांना. बायकांना नाही. कमरेएवढ्या चिखलात उतरून बांध घालणाऱ्यांचं नाव बहुतेक वेळा वहीत नव्हतंच. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, १९६४ मध्ये कूळकायदा आला आणि कसणाऱ्याला हक्क मिळाला. ते व्हायलाच हवं होतं. पण हक्क एकेकट्याला मिळाला आणि बांध तर सगळ्यांचा मिळून एकच. कुळांच्या संघटनांकडे आता हे काम आहे. जिथे संघटना जागी आहे तिथे शेत हिरवं, जिथे नाही तिथे शेतात कांदळवन शिरलेलं. मित्र अशाच एका संघटनेचं काम बघतो. हातात वही, खिशात मोजपट्टी. नदीतून खनिजाचे बार्ज जायचे तेव्हा त्यांच्या लाटांनी बांध कसे ढासळायचे, हे तो सांगत होता. डिचोली-साखळीकडच्या खाणींचं लोखंड या पाण्यावरून मुरगावला जायचं. मायक्रॉनचा हिशेब करणाऱ्या माणसाला आता खेकड्याच्या बिळाचा हिशेब करावा लागतो, पण काम दोन्हीकडे एकच: फट वेळेवर दिसली पाहिजे.

बांधावरून चालताना मला सारखं आठवत होतं ते आमचं चाकण. माझं आजोळ तिथल्या पट्ट्यातलं. कांद्याची शेतं, बाभळीच्या काट्यांची आणि घायपाताची कुंपणं, दोन शेतांमधे वीतभर उंचीचा बांध. त्या बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणं. अमक्याने बांध कोरला म्हणून तमक्याने कोर्टात जायचं, आणि दोघांच्या पोरांनी त्याच बांधावरच्या बोरी झोडायच्या. मग महाळुंगे, निघोजे, खराबवाडी या गावांत एमआयडीसी आली. बांधांचे नकाशे पुसले आणि प्लॉटचे नकाशे आले. एकेका प्लॉटला आठ फुटी भिंत, वर तारांची वेटोळी, दारात सुरक्षारक्षक. आजोबांचं शेत ज्या भिंतीच्या आत गेलं तिथे मला एकदा गेट पासवर अर्धा दिवस आत जाता आलं होतं. मोबदला मिळाला, घरं बांधली, मुलं शिकली, आणि मीही त्याच उद्योगाची भाकरी खाल्ली. त्याबद्दल रडगाणं नाही. पण त्या भिंतींनी एक गोष्ट पार मोडली. भिंतींच्या मधून जाणारा ओढा आता कुणाचाच नाही. प्रत्येकाचं कुंपण मजबूत आहे आणि कुंपणांमधली जागा बेवारशी आहे. पावसाळ्यात रस्त्यावर पाणी तुंबतं ते तिथेच.

दुपारी टेकडी चढून चर्चला गेलो. गावाचं नाव पियेदाद, चर्चही त्याच नावाच्या मातेचं, क्रूसावरून उतरवलेल्या पुत्राला मांडीवर घेतलेल्या मरियेचं. आजची इमारत अठराव्या शतकाच्या आरंभीची. तिच्या रचनेचं श्रेय आंतोनियो जुआंव दे फ्रियास या गोमंतकीय धर्मगुरूला देतात. आत गिलाव्यातलं बारीक नक्षीकाम आहे आणि वेदी सोनेरी आहे, पण बाहेरच्या पायऱ्यांवरून जे दिसतं ते आतल्यापेक्षा जास्त वेळ थांबवून ठेवतं. खाली भाताचे चौकोन, त्यांना वेढणारी बांधाची रेघ, मग मांडवी आणि पलीकडे झाडांतून वर आलेले जुन्या गोव्याच्या चर्चांचे मनोरे. साथींनी ते शहर ओस पाडलं आणि १८४३ मध्ये राजधानीचा मान पणजीकडे गेला. खालची शेतं मात्र तेव्हाही पिकत होती.

चर्चजवळच्या दफनभूमीत एक छोटं चॅपल आहे. त्याच्या छताचं कोरीव काम बघितलं की हा दगड चर्चसाठी घडवलेला नाही हे कुणालाही कळेल. कदंबकाळातल्या देवळाचा हा भाग असल्याचं मानतात. या टेकडीवरच्या देवळातला गणपती पुढे खांडेपार, नार्वे अशा वाटेने खांडोळ्याला गेला, तिथला महागणपती तो हाच. बायको त्या छताकडे बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "पाडलं कुणी आणि सांभाळलं कुणी, दोन्ही इथेच दिसतंय." मित्र थोडा गप्प राहिला. मग सांगू लागला की त्याचे पूर्वज कुठल्या घराण्यातले होते, हिंदू असतानाचं आडनाव काय होतं, हे त्याच्या घरात अजून माहीत आहे. त्या इतिहासाची जखम खरी आहे आणि तिच्यावर गुळगुळीत बोलून उपयोग नाही. पण ज्यांच्यावर तो इतिहास गुदरला त्यांचीच मुलं-नातवंडं इथे राहतात, हेही तितकंच खरं. याच बेटावर १६७६ मध्ये जन्मलेला जाकोम गोन्साल्विस धर्मगुरू होऊन डचांच्या काळातल्या श्रीलंकेला गेला आणि सिंहली-तमिळमध्ये ग्रंथ लिहून त्या भाषांच्या वाङ्मयात नाव करून गेला. बेटावरचा माणूस बेटापुरता राहतो असं काही नाही.

घरी गेलो तेव्हा मित्राच्या आईने दारातच अडवलं. "येयात, बसात. जेवल्याबगर वचूं नाकात." हात जोडावे की वाकावं अशा घोटाळ्यात मी होतो, तिने सरळ डोक्यावर हात ठेवला. उकड्या तांदळाचा भात आणि मानशीवरच्या सुंगटांची कडी. जेवणानंतर लक्ष गेलं ते देव्हाऱ्याकडे. क्रूसाला भाताची हिरवी कणसं बांधली होती. ऑगस्टमध्ये गोव्यातल्या चर्चांत कणसांचं फेस्त होतं. शेतातून पहिली कणसं कापतात, पाद्री त्यांना आशीर्वाद देतो आणि ती घरोघर जातात. आमच्या बायकोचं माहेर रत्नागिरीकडचं. तिकडे दसऱ्याला दाराला नवं बांधतात. तिने आंटींना ते सांगितलं, आंटींनी मान डोलावली आणि दोघी स्वयंपाकघरात गेल्या. पुढचा तासभर आम्हाला कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी मित्राने बोंदेराची गोष्ट सांगितली. बेटावर वाड्यावाड्यांत जमिनीच्या हद्दीवरून मारामाऱ्या व्हायच्या, अगदी जीव जाईपर्यंत. पोर्तुगीजांनी हद्दींवर निशाणं लावली, तर रात्री विरोधी वाड्यातले लोक ती पाडून टाकायचे. या भांडणाचाच पुढे सण झाला. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी प्रत्येक वाडा आपलं निशाण घेऊन मिरवतो आणि खोट्या लढाया होतात. शस्त्र म्हणजे फोटाश, बांबूची नळी. तीत हिरवी रानफळं भरून उडवायची. नेमक्या त्या दिवशी फेरीबोटींना इतकी गर्दी होते की बेट बुडेल असं वाटतं, असं तो म्हणाला. आम्ही मुद्दाम ती तारीख टाळली होती. पण मला वाटत राहिलं की आमच्याकडे बांधावरून डोकी फुटली, खटले चालले, आणि बांधच गेल्यावर भांडणाचं काही उरलं नाही. इथे बांध राहिला म्हणून भांडणाला सण होता आलं.

सगळं आलबेल आहे असं मात्र समजू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी गावातून फिरताना बंद घरं बरीच दिसली. मुलं पोर्तुगाल, इंग्लंड, आखातात. काही जुनी घरं बाहेरच्यांनी सुट्टीसाठी घेतली आहेत. त्यांच्या भोवती नवी उंच भिंत, वर कॅमेरा, कोरी करकरीत तार. रस्त्याला लागून असलेल्या एका पडीक शेतालाही चकचकीत जाळीचं कुंपण होतं. आत गुडघाभर गवत. मित्र थांबला आणि म्हणाला, "हे बघ, तुमचं पिंपरीचं कुंपण इथे आलं." जाळी गुरांना अडवेल, पण बांधाला भोक पडलं तर पाणी जाळीतून आत येईल, आणि मालकाला कळेल तेव्हा पुढच्या सुट्टीला. गोव्याने २०२३ मध्ये कायदा केला, शेतजमीन शेतकऱ्याखेरीज इतरांना विकण्यावर बंदी आणली. कायदा विक्री थांबवेल. सकाळी उठून बिळं बुजवायला माणूस पाठवणं कायद्याच्या हातात नाही.

कुंपणच शेत खातं असं आपण म्हणतो. दिवाडीवर मला दिसलं ते असं की कुंपण ज्याच्या एकट्याचं असतं ते हळूहळू शेत खातंच. जे गावाने मिळून घातलं, मिळून बुजवलं आणि ज्याच्यावर मिळून भांडलं, ते शेताला वाचवतं. आमच्या पट्ट्यातही हे कधीतरी माहीत होतं. १६६० मध्ये शाइस्ताखानाच्या फौजेसमोर फिरंगोजी नरसाळ्याने चाकणचा संग्रामदुर्ग जवळजवळ दोन महिने लढवला, तो भुईकोट तटाच्या आणि खंदकाच्या जोरावर आणि आतल्या माणसांच्या जिवावर. आज त्या तटाचे अवशेष गावातच आहेत. रोज कंपनीच्या बसने त्याच्या जवळून जाणाऱ्या किती जणांनी ते थांबून बघितले असतील, याची मला शंका आहे.

दिवाडीला जायचं असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जा, तेव्हा भात उभं असतं. बोंदेरा बघायचा की शेत, हे आधी ठरवा. दोन्ही एका दिवसात होत नाही. येताना नार्व्याच्या फेरीने या आणि जाताना जुन्या गोव्याच्या, म्हणजे नार्व्याचं देऊळ आणि जुन्या गोव्याची चर्च, दोन्ही बघून होतील. चर्चमध्ये प्रार्थना चालू असेल तर मागे शांत बसा, दफनभूमीत फोटो काढण्याआधी विचारा, आणि बांधावर चालताना ढेकूळ निसटलं तर ते पायाने परत दाबून पुढे जा. गाववाले तेच करतात. आणि चाकण-पिंपरीकडे परतलात की एकदा तलाठ्याच्या कार्यालयात जाऊन आपल्या गावचा ओढा नकाशात कुठून जातो आणि आज त्याच्यावर काय उभं आहे, एवढं विचारून घ्या.